दाढीचे वार

मुलुंड पूर्वेच्या विद्याधरकाकांचा उजवा हात आता उठत नाही, आणि त्यांच्या तोंडून आता एकच शब्द निघतो.

असो. हे मी सांगितलेलं नाही. तुम्हीही ऐकलेलं नाही. काका ठणठणीत आहेत, बेसिनपाशी उभे आहेत, गालांना फेस फासून आरशातल्या माणसाकडे संशयाने बघतायत. आपण इथूनच सुरुवात करू.

मित्रांनो, मी एक जुनी तुरटी आहे. बेसिनवरच्या फळीवर, झाकण हरवलेल्या गुलाबी साबणदाणीत माझा मुक्काम असतो. एके काळी मी चांगली मुठीएवढी होते. आता झिजून झिजून मोठ्या बोरासारखी झाले आहे. वय झालं की माणसं वाकतात, आम्ही वितळतो.

माझा जन्म एका हौदात झाला. आधी मी गरम पाणीच होते. मग गार होत होत खडा झाले, काचेसारखा, आरपार. जन्मल्याबरोबर माझ्या वाट्याला पहिली गोष्ट आली ती हातोडा. बहुतेकांच्या शिक्षणाची सुरुवात अशीच होते म्हणतात. त्या हातोड्याने आमच्या घराण्याच्या वाटण्या केल्या. माझे थोरले भाऊबंद पोत्यांत बसून पाणी निवळायच्या कामाला गेले. गढूळ पाण्यात उतरायचं, गाळाची समजूत घालून त्याला तळाशी बसवायचं आणि वरचं स्वच्छ पाणी शहराला द्यायचं. मोठं काम आहे. मी लहान तुकडा, म्हणून वाण्याच्या बरणीत पडले. एका बाजूला सैंधव, दुसऱ्या बाजूला हिंग. हिंगाच्या शेजारात बालपण गेलेल्याला पुढे आयुष्यात कशाचंच फार वाईट वाटत नाही, असा माझा समज होता.

तिथून मला विद्याधरकाकांनी आणलं. ते शहराच्या पाणीखात्यात होते, म्हणजे माझे भाऊबंद ज्या खात्यात राबत होते तिथेच. फक्त ते पाण्यात उतरत नसत, पाण्याबद्दल पत्रं लिहीत. नळ फुटला की पत्र. नळ फुटला नाही की तसं पत्र. आणि ही पत्रं ते सकाळी दाढी करता करता आरशापुढे म्हणून बघत. "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की," असं म्हणून एक गाल व्हायचा, आणि "सबब, सदर जलवाहिनीची दुरुस्ती तातडीने करण्यात यावी," असं म्हणत दुसरा. माझं सगळं मराठी अशा रीतीने फेसातून आलेलं आहे. तेवढं सांभाळून घ्या.

सबब हा काकांचा लाडका शब्द. त्यांची लेक सई शाळेत होती तेव्हा ती एकदा दात घासता घासता म्हणाली, "बाबा, नुसतं 'म्हणून' लिहिलं तर नाही का चालत?"

"म्हणून भाजीवाल्याला चालतं," काका म्हणाले. "कागदाला सबब लागते. आणि बघ ना किती काटकसरी शब्द आहे. सबब म्हणजे कारणही, आणि काम न केल्याचं कारणही."

माझं काम सोपं होतं. दाढी झाली की काका मला पाण्याखाली धरत आणि गालांवरून फिरवत. कुठे कापलं असेल तिथे मी चुरचुरायचे, काका "स्स" म्हणायचे आणि रक्त थांबायचं. ते "स्स" म्हणजे माझं कौतुक. रोज सकाळी मिळायचं. आणि ज्या वारी दाढी नसे त्या वारी मला सुट्टी. सोमवार आणि शनिवारी या घरात दाढी होत नाही. एकादशी, चतुर्थी, अमावास्या, त्याही वर्ज्य. कारण विचारलं तर काकांच्या पत्नी माणिककाकू म्हणतात, "करत नाहीत." हेच कारण आहे. याहून भक्कम कारण पाणीखात्याकडेही नव्हतं.

काकांना आणखी एक कला होती. ते मंगलाष्टकं रचत आणि खड्या आवाजात म्हणत. भांडुपपासून कांदिवलीपर्यंत कुणाचं लग्न निघालं की आधी हॉल ठरायचा आणि मग विद्याधर. वधूवरांची नावं, दोन्हीकडची आजी, गेलेले आजोबा, सगळे चालीत बसवून द्यायचे. पण जन्मभर पत्रं लिहिलेला माणूस तो. खात्यातल्या एका साहेबाच्या मुलाच्या लग्नात त्यांनी "ऐसे हे उपरोक्त दोन असती, आनंद यांना मिळो" अशी ओळ भर मांडवात म्हटली होती. कुणी हसलं नाही. साहेबांना तर ती फारच आवडली.

निवृत्तीनंतर पत्रं संपली, मंगलाष्टकं राहिली. आरशापुढे आता फक्त गाणं व्हायचं. मित्रांनो, ती माझी सोन्यासारखी वर्षं होती. जुन्या वस्तूंनी असं म्हणायचं असतं, आणि माझ्या बाबतीत ते खरंही आहे.

मग एक दिवस काका आणि सई दीप्ती डॉक्टरांकडे जाऊन आले. हात धुवायला दोघं बेसिनपाशी थांबली. टॉवेल घेऊन माणिककाकू आल्या.

"काय म्हणाल्या?"

"ठेका चुकतोय म्हणाली."

"कुणाचा?"

"हृदयाचा," काका म्हणाले. "मी जन्मभर तालात म्हटलं, आणि हे आत बसून मनाला येईल तसं वाजवतंय."

"बाबा, नीट सांगा ना," सई म्हणाली. "आई, ठोके वेडेवाकडे पडतायत. त्यामुळे रक्त हृदयाच्या एका कोपऱ्यात साचून राहतं. साचलं की गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की स्ट्रोक."

"टाकीत पाणी साचलं की गाळ," काका म्हणाले. "मला नको शिकवूस गं, मी खात्यातला आहे."

"म्हणून रोज एक गोळी. रक्त पातळ करायची."

"अजून पातळ?" माणिककाकूंनी काकांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधीच माणूस म्हणजे लग्नपंगतीतली आमटी. त्यात रक्तही पातळ?"

सई हसली नाही. "डॉक्टर म्हणाल्या, ही घेतली तर झटका यायची शक्यता बरीच कमी होते. आणि आलाच, तरी बहुतेक वेळा हलका येतो. पण रोज घ्यायची. एखादा दिवस चुकला तरी तिचा असर उतरतो. आणि दाढीला मशिन वापरा म्हणाल्या, ब्लेड नको."

"ते बघू," काका म्हणाले. या वाक्यावर पाणीखातं चालत असे.

गोळ्यांची चपटी पट्टी माझ्या शेजारी आली. मी रक्त थांबवणारी, ती रक्ताला थांबू न देणारी. एकाच फळीवर दोन उलट खाती. सरकारात असं चालतं, आणि खरं सांगायचं तर आमचंही छान चाललं होतं. कापलं की मला नेहमीपेक्षा जास्त वेळ गालावर दाबून धरावं लागायचं, एवढंच. मी कधी तक्रार केली नाही. म्हातारपणी कुणी हातात धरून ठेवलं तर कुणाला नको असतं?

पण पुढे घाटकोपरचं लग्न आलं.

त्या सकाळी काकांना उशीर झाला होता. हनुवटीखाली, जिथे आरसाही नीट पोचत नाही, तिथे ब्लेड लागलं. त्यांनी मला घाईघाईत दोनदा टेकवलं, कुर्ता चढवला आणि गेले. संध्याकाळी परत आले ते कुणाशी न बोलता बेसिनपाशी उभे राहिले आणि कुर्त्याची कॉलर चोळायला लागले. माणिककाकूंनी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारल्यावर सगळं बाहेर आलं. काका अंतरपाटाच्या अगदी जवळ उभे राहून म्हणत होते. आवाज वर चढवायला त्यांनी मान ताणली, जखम उघडली, आणि एक थेंब अंतरपाटावर पडला. पांढऱ्याशुभ्र कापडावर, बरोबर कुंकवाच्या स्वस्तिकाखाली.

"एकच थेंब ना?" माणिककाकू म्हणाल्या.

"थेंबाचं काय. मुलाची आत्या म्हणाली, लग्न लागायच्या आधीच रक्त सांडलं. पुढच्या ओळीला मला कुणी बघत नव्हतं गं. सगळे माझी हनुवटी बघत होते."

"अहो, मग डॉक्टरांना विचारा ना काय करायचं."

"काय विचारू? मंगलाष्टक म्हणताना गवई ठिबकू नये यासाठी उपाय सुचवावा, असं?"

सईने दुसऱ्याच दिवशी अंधेरीला ऑफिसजवळून दाढीचं मशिन आणलं. काकांनी ते एकदा गालावर फिरवलं. "ही दाढी होत नाही, कुरतडली जाते," असा शेरा मारून त्यांनी ते परत खोक्यात घातलं आणि खोकं फळीच्या टोकाला ठेवलं. ते मशिन तरुण होतं, खोक्यातून त्याचा हिरवा दिवा लुकलुकायचा. काही दिवसांनी तोही बंद झाला.

आणि मग काकांनी स्वतःच एक नियम केला. मी तो ऐकला, कारण तो त्यांनी आरशाला सांगितला. दाढीच्या वारी गोळी नाही. गोळीच्या वारी दाढी नाही.

बघा मित्रांनो, किती नीटस नियम आहे. कुठेही फट नाही. फक्त तो डॉक्टरांचा नव्हता.

झालं. ज्या वारी दाढी वर्ज्य, त्या वारी औषध. सोमवारी गोळी, शनिवारी गोळी, एकादशीला उपासाच्या साबुदाण्याबरोबर गोळी, अमावास्येला तर आवर्जून. बाहेर जायचं नसेल त्या दिवशीही काका दाढीला बुट्टी मारत आणि गोळी घेत. बाकीचे दिवस रक्त आपल्या जाडीने वाहत होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात देवधर्मासाठी राखलेल्या दिवसांवर या माणसाचा मेंदू उभा होता.

खोटं बोलायचा मात्र त्यांचा स्वभाव नव्हता. माणिककाकू रोज स्वयंपाकघरातून ओरडून विचारायच्या, "गोळी वेळच्या वेळी घेताय ना?"

"वारच्या वारी घेतो," काका म्हणायचे.

शब्दन् शब्द खरा होता. माणिककाकूंना तर ते वेळच्या वेळीपेक्षाही काटेकोर वाटायचं. आणि मी काय सांगणार? मला चव आहे, तोंड नाही.

सईचं लग्न ठरलं. मुलगा निहार, कांदिवलीचा, तिच्याच ऑफिसातला. पहिल्यांदा घरी आला तेव्हा हात धुवायला बेसिनपाशी आला आणि मला साबण समजून हाताला चोळत बसला. फेस येईना तरी बिचारा चोळत राहिला, तक्रार केली नाही. काका मागून बघत होते. नंतर सईला म्हणाले, "मुलगा चांगला आहे. परिस्थिती निभावून नेतो."

काका लेकीसाठी मंगलाष्टकं रचायला बसले. दुसऱ्यांच्या मुलींसाठी त्यांना जेवढा वेळ लागायचा त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. एकेक ओळ आरशापुढे यायची, फेसात बुडायची, दुसऱ्या दिवशी नवी होऊन यायची. शेवटची ओळ जमली त्या सकाळी त्यांनी ती इतक्या हळू म्हटली की मला वाटलं मलाच सांगतायत.

"पाणी संथ तसे मनात असु दे, कुर्यात् सदा मंगलम्."

त्यात उपरोक्त नव्हतं. सबबही नव्हती. सई मागे दारात उभी होती. काकांनी तिला आरशात पाहिलं आणि म्हणाले, "तू काही ऐकलेलं नाहीस. लग्नात ऐकायचं."

"मी काही ऐकलेलं नाही," सई म्हणाली आणि टॉवेल उचलून डोळ्यांना लावून आत गेली.

मग केळवणं सुरू झाली. केळवण तुम्हाला माहीत असेलच. लग्न ठरलं की नातेवाईक आणि मित्र घरच्यांना जेवायला बोलावतात आणि माणूस उठू शकणार नाही इतकं वाढतात. विद्याधरने सगळ्यांच्या पोरांची मंगलाष्टकं म्हटलेली, तेव्हा सगळ्यांनी बोलावलं. रोज एक घर. आणि रोज जेवायला जायचं म्हणजे रोज दाढी.

सोमवारी काकांनी फेस केला तेव्हा माणिककाकू दचकल्या. "अहो, सोमवार आहे."

"मुलीच्या लग्नात वार बघतात का?"

सोमवार गेला. मग चतुर्थी गेली. शनिवार गेला. मला एवढं काम वर्षानुवर्षं नव्हतं. शेजारची पट्टी नुसती पडून होती. अमावास्येला कुणी केळवणाला बोलावत नाही, तेव्हा तो एक दिवस गोळीचा नक्की होता. पण अमावास्या अजून लांब होती.

त्या दिवशी भाऊरावांकडे जायचं होतं. भाऊराव म्हणजे काकांचे खात्यातले मित्र, भांडुपला राहतात. पत्रं काका लिहायचे, आणि पत्रात लिहिलेला नळ खरंच आहे का हे भाऊराव जाऊन बघायचे. त्यांच्या घरी कमलकाकूंनी सकाळपासून पुरण घातलं होतं.

काकांनी डावा गाल केला. सुरेख झाला, कुठेही लागलं नाही. मग पाणी संथ तसे, असं म्हणत त्यांनी रेझर उजव्या गालाकडे नेला, आणि रेझर बेसिनमध्ये पडला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. उचलायला हात पुढे केला, तो गेला नाही. "पाणी," ते म्हणाले. मग पुन्हा, "पा". आरशातलं त्यांचं तोंड एका बाजूने खाली यायला लागलं, जसा भिंतीवरचा फोटो एका खिळ्यातून सुटतो.

माणिककाकू साडीच्या निऱ्या धरून आल्या. काका आरशापुढे तोंडं करून त्यांना नेहमी हसवायचे. "अहो, वेडावून काय दाखवताय? भाऊरावांचे दोन फोन आले."

"सबब," काका म्हणाले.

"सबब काय?"

"सबब."

तेव्हा माणिककाकूंच्या हातून निऱ्या सुटल्या. सई धावत आली. वॉचमनला हाक मारून तिने काकांना रिक्षात घातलं. एका गालावर फेस तसाच होता. रिक्षावाल्याने रस्ताभर हॉर्नवरचा हात काढला नाही म्हणे, आणि ते वेळेत पोचले. हे लक्षात ठेवा मित्रांनो. ते वेळेत पोचले.

आणि आणखी एक लक्षात ठेवा. त्या दिवशी काकांना कुठेही कापलं नव्हतं. एक थेंबही आला नाही. मी साबणदाणीत कोरडी बसून होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणिककाकू आणि सई कपडे न्यायला घरी आल्या. मागोमाग भाऊराव आले, हातात मोठा डबा. आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या होत्या. कमलकाकूंना कळेना त्या कुणाला वाढायच्या, म्हणून भाऊराव तशाच घेऊन आले होते. ते हात धुवायला बेसिनपाशी आले आणि रेझर पाहून थांबले. त्याच्यावरचा फेस वाळून कडक झाला होता.

"कसा आहे?"

"उजवी बाजू गेलीय," सई म्हणाली. "बोलणंही. फार मोठा झटका आहे म्हणतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, भाऊरावकाका. आम्ही वेळेत होतो. पण त्यांनी आधी विचारलं, रक्त पातळ करायची गोळी घेतात का. ती अंगात असताना ते इंजेक्शन दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून नाही दिलं. मग शिरेतून तार घालून गुठळी ओढून काढायला बघितलं, पण गुठळी गेली होती तिथे तार पोचेना."

"मी सांगितलं त्यांना," माणिककाकू म्हणाल्या. "रोज घेतात म्हटलं. अगदी वारच्या वारी. तेवढं एक तरी नीट सांगता आलं मला."

भाऊराव नळ बंद करायचा विसरले. "पण वहिनी," ते म्हणाले, "दाढीच्या दिवशी तो घेत नाही ना?"

माणिककाकूंनी सईकडे पाहिलं.

"पथ्य आहे ना त्याला ते? मला म्हणाला, भाऊ, या औषधाला दाढी चालत नाही. मला वाटलं डॉक्टरनीच सांगितलं असेल. मी कमलला म्हटलंसुद्धा, बघ, विद्या किती पथ्य पाळतो."

"दाढीच्या दिवशी?" सई म्हणाली.

"हो."

"पण केळवणं सुरू झाल्यापासून ते रोज दाढी करतायत."

"म्हणजे अंगात गोळी," भाऊराव म्हणाले आणि थांबले.

"नव्हती," सई म्हणाली.

माणिककाकू बेसिनला धरून उभ्या राहिल्या. "मी सांगितलं घेतात म्हणून," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं त्यांना." मग त्यांनी नळ बंद केला, कारण पाणी वाया जात होतं आणि या घरात पाणी वाया घालवत नाहीत.

नंतर एकदा दीप्ती डॉक्टर घरी येऊन गेल्या. त्यांनी माणिककाकूंचा हात हातात घेतला. "गोळी रोज घेतली असती तर कदाचित झटका आला नसता," त्या म्हणाल्या. "आला असता तरी बहुतेक एवढा जबर नसता. खात्री कुणीच देणार नाही. पण तुम्ही तुम्हाला माहीत होतं ते खरं सांगितलंत, यात तुमची चूक नाही."

"त्यांनीही खरंच सांगितलं होतं," माणिककाकू म्हणाल्या. "वारच्या वारी."

लग्न घरीच झालं. हॉलचा सोफा गॅलरीत उभा केला, पंचवीसेक माणसं कशीबशी मावली. बेसिन हॉलच्याच कोपऱ्यात आहे, तिथून मला सगळं दिसतं. काकांना चाकांच्या खुर्चीत अंतरपाटाच्या बाजूला बसवलं होतं. सईने त्यांची दाढी त्या मशिनने स्वतः केली होती, अगदी गुळगुळीत. गुरुजींनी विचारलं, मंगलाष्टकं कोण म्हणणार? सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि मग पटकन दुसरीकडे. निहारच्या मामांनी मोबाइलवर लावू का म्हणून विचारलं.

"थांबा," सई अंतरपाटामागून म्हणाली. "बाबा."

काकांनी मान वर केली. डावा हात मांडीवर ताल धरायला लागला. मला तो ताल ओळखू आला, मी तो फेसातून कितीदा ऐकला होता. तोंड उघडलं. चाल तीच होती, चढ तोच, शेवटाला घेतात तो श्वासही तोच. शब्द एकच होता.

"सबब," काकांनी म्हटलं, त्याच चालीत, ओळ संपेपर्यंत. "सबब."

कुणाला कळेना काय करायचं. मंगलम् आलं नव्हतं, सावधान आलं नव्हतं. अक्षता मुठींत तशाच.

"टाका," सई म्हणाली. "झालं. टाका अक्षता."

आणि भाऊरावांनी पहिली मूठ टाकली. तिचे चार दाणे माझ्या साबणदाणीतही आले. ते अजून आहेत.

अंतरपाट घडी घालताना माणिककाकूंनी तो उजेडात धरून पाहिला. त्याच्यावर एकही डाग नव्हता. काकांना तेवढंच हवं होतं.

आता गोळी रोज मिळते. सकाळी माणिककाकू ती त्यांच्या जिभेवर ठेवतात आणि पाणी संपेपर्यंत समोर उभ्या राहतात. सोमवारीही, बुधवारीही. काका "सबब" म्हणतात. तहान लागली की सबब, सईचा फोन आला की सबब, रडू आलं की सबब. माणिककाकूंना आता त्यांतला फरक कळतो. माझं मात्र काही काम उरलेलं नाही. मशिनने कापत नाही. धूळ बसते, कुणी पाहुणा मला साबण समजतो, आणि दिवस जातो.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. तुमच्या घरी कुणी आजोबा अशी गोळी घेत असतील, तर "घेतली का?" एवढंच विचारून खेळायला पळू नका. कुठल्या वारी घेतली नाही, तेही विचारा. हसत विचारा, म्हणजे सांगतील. आणि रक्त थांबत नाही, लाज वाटते, चारचौघांत ठिबकलं, असलं जे कुणालाच सांगावंसं वाटत नाही, तेच नेमकं डॉक्टरांना सांगायचं असतं. गोळी आपल्या मनाने थांबवायची नसते. नियम फार नीटस वाटला, तर तो कुणी केला ते एकदा पाहून घ्यावं.

बाकी माझ्या हातात काही नाही. फक्त एक अर्ज आहे. भाषा मला काकांनीच शिकवलेली आहे.

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी,
तिथी, वार व चंद्रकला विभाग.

विषय : केळवणाचा आठवडा अमावास्या म्हणून घोषित करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अमावास्येला सदर घरात दाढी होत नाही, त्या दिवशी कोणी जेवावयास बोलावीत नाही, व गोळी घेतली जाते. सबब, श्री. विद्याधर यांचे केळवणाचे सर्व दिवस पूर्वलक्षी प्रभावाने अमावास्या म्हणून घोषित करण्यात यावेत. त्या दिवसांत आकाशात चंद्र दिसल्याची नोंद असल्यास ती रद्द समजण्यात यावी. तसेच संबंधिताकडून जमा करून घेतलेले सर्व शब्द त्यास मूळ चालीसह परत करण्यात यावेत, ही नम्र विनंती. पैकी एक शब्द कार्यालयाने स्वतःकडे ठेवून घेतल्यास अर्जदाराची हरकत नाही.

आपली विश्वासू,
तुरटी,
मुलुंड (पूर्व).